उजवी पाकळी

चहाच्या मशीनपाशी कागदी कप धरून उभा असताना बुधाजी गुरवाला त्याच्या गावची देवी भेटली, आणि तीही कळंबोलीत, चौथ्या मजल्यावर. भेटली म्हणजे अजेयच्या तोंडून बाहेर पडली. अजेय हा पलीकडच्या टेबलावरचा, श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाडीवाल्यांचा मुलगा, बोलायला गोड. कंटेनरच्या गोदामांचे हिशेब ठेवणाऱ्या त्या कचेरीत दोघेही रायगडचे म्हणून त्यांचं थोडं जास्त जमायचं. त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर दोन माणसं एकमेकांकडे डोळे वटारून बघत होती. एक रितेश, चोवीस-पंचवीसचा, ज्याचे व्यायामाचे व्हिडिओ अर्धा जिल्हा बघतो तो. आणि दुसरा बाळाजी शिगवण, एके काळचा देशातला पहिल्या नंबरचा बॉक्सर, आता पन्नाशीला टेकलेला. खाली लिहिलं होतं, 'म्हातारा वाघ, शेवटची डरकाळी'. "तुमच्याकडचेच ना हो हे? मी यांच्यावर लावलेत पैसे," अजेय म्हणाला. "सगळे मला वेडा म्हणतायत. पण माझ्याकडे आतली बातमी आहे. त्यांच्या गावच्या देवीनं कौल दिलाय. उजवा." बुधाजीच्या हातातला कप कलंडला आणि चहा मनगटावरून बाहीत शिरला. अजेय "सांभाळून, सांभाळून" म्हणत कागद शोधत होता आणि बुधाजीला वाटत होतं की ह्याला सांगून टाकावं, बाबा रे, तो कौल लावणारा हात हाच, आत्ता भाजला तो. पण तो "हो, आमच्याकडचेच," एवढंच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मनगट पोळलंय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

कळंबोलीत बुधाजी इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. गुरवपणाबद्दल इथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याने सांगितलंही नव्हतं. वडघरवाडी म्हसळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात, भातशेतीवाल्या कुणब्यांची. तिथल्या वाघजाईची पूजा बुधाजीच्या भाऊबंदांतल्या चार घरांत वाटलेली. ज्याची पाळी येईल त्याने नोकरीवर रजा टाकायची, गावी जायचं, उघड्या अंगाने विहिरीवर पाणी घ्यायचं आणि देवीचा माणूस व्हायचं. गावात सोयरीक ठरो, विहीर खणायची असो, कुणाला आखातात नोकरीला जायचं असो, आधी देवीला विचारायचं. विचारायचं म्हणजे देवीच्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी गळली तर जा, डावी आधी गळली तर थांब. तुझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर बुधाजीने दोन उत्तरं दिली असती, एक कळंबोलीत आणि एक वडघरवाडीत, आणि दोन्ही खरी. अशी दुहेरी माणसं शहरात हजारो राहतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. बुधाजीचंही बिघडलं नव्हतं, सुचितावहिनी त्याच्याकडे येईपर्यंत.

सुचिता ही बाळाजीची बायको. ती गेल्या पाळीच्या वेळी आली, बुधाजी देवळामागे तगरीची फुलं खुडत होता तेव्हा. तिच्या हातात मोठं पिवळं पाकीट होतं. मुंबईच्या डॉक्टरने बाळाजीच्या डोक्याचे फोटो काढले होते. बुधाजीने ती काळी फिल्म उन्हात धरून बघितली, त्याला त्यातलं काही कळलं नाही, तरी त्याने मान हलवली. डॉक्टर म्हणाला होता की इतकी वर्षं मार खाल्लेलं डोकं आहे, आणखी जोराचा मार बसला तर माणूस जगेल, पण माणसात राहील असं नाही. एरवीही लक्षणं दिसत होतीच. बाळाजी लष्करातून सुटल्यावर दिघीला बंदराच्या फाटकावर नोकरी करायचा, आणि हल्ली तिथे एकाच ट्रकवाल्याला दोनदा अडवून तेच विचारायचा. घरी आल्यावर चपला हातात घेऊन त्या कुठे ठेवायच्या असतात त्याचा विचार करत उभा राहायचा. अशात त्या रितेशने मोबाईलवर ललकारी दिली, की जुने चॅम्पियन म्हणवणारे आहेत कुठे, या की समोर. पोराने ती कुणा एकाला दिलीही नसेल. पण बाळाजीने ती एकदा ऐकली, दोनदा ऐकली, आणि मग त्याला बाकी सगळं विसरायला झालं तरी ते विसरायला होईना. "मी पाया पडले, भावजी," सुचिता म्हणाली. "पोरीची आन घातली. ऐकत न्हाय. म्हनतो, देवी न्हाय म्हनली तर न्हाय जात. दुसऱ्या कुनाचं ऐकायचा न्हाय तो." मग ती फुलांच्या परडीकडे बघत, अगदी हळू, म्हणाली, "डावी पडू द्या, भावजी. कसंबी करा."

कसंबी करा म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. बुधाजीला ठाऊक होतं. त्याच्या वडिलांनी त्याला ते दाखवलं होतं, बाळाजीच्या ऐन भरातल्या वर्षांत. तेव्हा बाळाजी पुण्याला, पतियाळाला, कुठे कुठे लढायचा आणि प्रत्येक मॅचच्या आधी गावी कार्ड टाकायचा : गुरवकाका, अमुक दिवशी लढत आहे, कौल लावा. वडील कौल लावायचे आणि दर वेळी उजवी गळायची. एकदा बुधाजीने विचारलं, देवी बाळाजीला कधीच डावी कशी देत नाही? वडिलांनी इकडे तिकडे बघितलं, दोन पाकळ्या घेतल्या, एक नुसती दमट करून अंगठ्याने दाबून बसवली आणि दुसरी पाण्यातून तशीच निथळती काढून टेकवली. निथळती पाकळी बघता बघता घसरली. "पोर परमुलखात एकटं लढतंय," वडील म्हणाले. "त्याचं मन घट्ट ऱ्हायला नको? पन ह्ये हात सारखं वापरायचं न्हाय. देवीला समजतं." बाळाजी सोन्याचं पदक घेऊन आला तेव्हा माणगावहून जीपमधून त्याची मिरवणूक निघाली, पण घरी जायच्या आधी तो देवळात आला आणि पदक देवीच्या गळ्यात घालून तिथेच जमिनीवर झोपला. वडील रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिले होते. बुधाजीला तेव्हा वाटलं होतं, काय हा बाबांचा भोळा भक्तिभाव. आता कळत होतं की त्यांची झोप उडाली होती.

तर बुधाजीने कसंबी केलं. सगळा गाव सभामंडपात बसलेला. सभामंडप म्हणायचं, नाहीतर वादळात त्याचे पत्रे उडाले तेव्हापासून नुसते खांबच उभे आहेत. त्याने उजवी पाकळी दमट करून अंगठ्याने अशी दाबली की तिच्यावर नखाची कोर उमटली, आणि डावी निथळती ठेवली. गाऱ्हाणं घातलं : आई वाघजाई, तुझं लेकरू बाळाजी लढाईला जाऊ म्हणतंय, जा म्हणत असशील तर उजवी दे, नको म्हणत असशील तर डावी दे. मग तो मागे सरकला. डाव्या पाकळीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. थेंब पडला, पाकळी राहिली. बुधाजी तिच्याकडेच बघत होता, म्हणून उजवी गळताना त्याला दिसलीच नाही. मागून गाव एकदम "व्हय गं आई" असं ओरडला तेव्हा त्याने मान वळवली. उजव्या खांद्यावर काही नव्हतं. पाकळी खाली पडली होती, पालथी, नखाची कोर वर. वारा नव्हता. पाल दिसली नाही. बुधाजीच्या पाठीतून काहीतरी थंड खाली गेलं आणि ते आजतागायत पुरतं उतरलेलं नव्हतं. सुचिता बायकांच्यात बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती, जशी त्याची स्वतःची होती. दोघांनाच ठाऊक होतं की हा कौल माणसाने एका बाजूला ढकलला होता आणि तो दुसऱ्या बाजूला गेला होता.

आता गंमत अशी, की देवीला विचारलं होतं ते जाऊ का, एवढंच. जिंकेन का असं कुणी विचारलं नव्हतं. पण गाव तो गाव. प्रसादाचं खोबरं वाटून होईपर्यंत 'जा'चं 'जिंकशील' झालं होतं. गावकीचे तात्या, जे एरवी दहा वेळा विचार केल्याशिवाय दिवा लावत नाहीत, तेच म्हणाले की देवी स्वतः सांगते आहे तर सभामंडपाच्या पत्र्यांसाठी मुंबईकरांनी जमवलेली वर्गणी नुसती पडून कशाला ठेवायची. माणगावात पैजा लावणारे होते, घेणारे होते, आणि म्हाताऱ्या बॉक्सरवर भाव चांगला मिळत होता. देवीचेच पैसे, देवीच्याच शब्दावर, देवीच्याच छपरासाठी. ह्यात खोट काढायची कुणाची छाती होती? ज्याच्याकडे खोट होती तो गुरव मान खाली घालून समई पुसत होता. त्याने रात्री कळंबोलीला परतल्यावर बायकोला, पूनमला, सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिने हातातली पोळी शेकून उतरवली. मग म्हणाली, "गावाला सांगाल तर कौल बाटला म्हनतील. तुमचं एकट्याचं न्हाय, चारी घरांचं गुरवपन जाईल. आनि न्हाय सांगाल तर बाळाजीभावजी जातील." "मग?" बुधाजीने विचारलं. "मला काय इचारता," पूनम म्हणाली, "देवीला इचारा." ती थट्टा करत होती की काय ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. ह्यालाच आपल्यात तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. रिंगणात उतरायच्या कितीतरी आधीपासून बुधाजी तो खात होता.

दर शनिवारी तो ठरवायचा की आज गावी जाऊन सांगायचं. दर रविवारी तो ठरवायचा की पुढल्या शनिवारी. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी डावी पाडत होतो? मग उजवी कुणी पाडली? कळंबोलीतला बुधाजी म्हणायचा, पाकळी पालथी लागली असेल, अंगठा उचलताना सैल झाली असेल, दाबलेलं जास्त सुटतं. वडघरवाडीतला बुधाजी काहीच म्हणायचा नाही, नुसता त्या पाठीतल्या थंडाव्याकडे लक्ष देऊन बसायचा. आणि ह्या दोघांच्या मध्ये, लाज वाटावी अशी, एक तिसरी गोष्ट हळूहळू वाढत होती. देवीने खरंच दिलं असेल तर? वडिलांनी आयुष्यभर हाताने दिलेले उजवे कौल एकीकडे आणि हा एकच, हाताविरुद्ध आलेला, एकीकडे. बाळाजी खरोखर जिंकला तर? तसं झालं तर बुधाजीच्या हातून काहीच वाईट घडलेलं नसणार होतं. माणसाला स्वतःच्या सुटकेची वाट दिसली की तिच्यावर तो दुसऱ्याला चालायला लावतो, आणि बुधाजी काही जगावेगळा माणूस नव्हता. तेवढ्यात बाळाजीचा फोन आला. "बुधा, तू माझ्या कोपऱ्यात पायजेस. पट्ट्या बांधायला, रक्त पुसायला मानूस हाय जिममधला. पन देवीचा मानूस पायजे." बुधाजी म्हणाला, मला त्यातलं काय कळतं. बाळाजी हसला. "कळायचं काय त्यात? पानी द्यायचं, टॉवेल धरायचा. टॉवेल आत पडला म्हंजे हार, मी सांगितल्याबिगर टाकायचा न्हाय, एवढंच."

माणगावात महामार्गाला लागून एक मंगल कार्यालय आहे, त्याच्या पटांगणात रिंगण बांधलं होतं. दोघांना कपडे बदलायला खोल्या दिल्या होत्या. रितेशला वरपक्षाची आणि बाळाजीला वधूपक्षाची. आरशावर कुठल्या कुठल्या नवरीमुलींनी चिकटवून विसरलेल्या टिकल्या होत्या. बाळाजी पलंगावर बसला होता आणि उघड्या अंगाने तो बुधाजीला वाटलं होतं त्याहून लहान दिसत होता. छातीवरचे केस पांढरे झालेले, पोट बांधून आत घेतल्यासारखं. सुचिता खिडकीशी उभी होती, तिने बुधाजीकडे बघितलं नाही. आता सांग, बुधाजी स्वतःला म्हणाला, आता. तेवढ्यात तात्या आणि गावचे चारसहा जण आत आले, त्यांनी देवीचा अंगारा आणला होता. तात्यांनी तो बुधाजीच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू लाव, गुरवा. तुझा मान." बुधाजीने बाळाजीच्या कपाळाला अंगारा लावला. कपाळ गरम होतं. बाळाजीने लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले आणि बुधाजीला एकदम आठवलं, की झोडणीच्या दिवसांत खळ्यावर भाताचे भारे आपटून आपटून थकला की बाळाजी असाच डोळे मिटून उभा राहायचा, आणि कुणी थांब म्हटलं नाही तर पुन्हा भारा उचलायचा. थांब म्हणणं हे नेहमीच दुसऱ्याचं काम असायचं.

संध्याकाळचं ऊन पटांगणावरून निघून गेलं होतं आणि मोठे दिवे लागले. सहा फेऱ्यांची लढत होती. पहिल्या दोन फेऱ्यांत जे झालं ते बुधाजीला अपेक्षित नव्हतं. रितेश झपाझप येत होता, आणि बाळाजी जागचा फारसा हलतही नव्हता, नुसती मान इकडून तिकडे न्यायचा आणि पोराचे ठोसे कानाशेजारून हवेत जायचे. मधेच त्याचा डावा हात सहज, कुणाच्या खांद्यावरची धूळ झटकावी तसा निघायचा आणि रितेशचं डोकं मागे जायचं. वडघरवाडीची माणसं खुर्च्यांवर उभी राहून देवीच्या नावाने ओरडत होती. आणि इथेच बुधाजी फसला. त्याच्याही तोंडून "आई गं, आई गं" असं निघायला लागलं, हातातला टॉवेल त्याने मुठीत आवळून धरला, त्याचे डोळे भरून आले. उजवी खरी होती. कुणीतरी होतं, पाषाणात, अंगठ्यापेक्षा मोठं. इतक्या दिवसांचं पाठीतलं थंड एकदम ऊन झालं. दुसरी फेरी संपून बाळाजी स्टुलावर बसला तेव्हा तो हसत होता. बुधाजीने मागे वळून बघितलं. पहिल्या रांगेत सुचिता दोन्ही हात जोडून बसली होती, पण तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. तिथे दुसरंच काही होतं, आणि ते बघून बुधाजीला बरं वाटलं.

तिसऱ्या फेरीत रितेशचा उजवा हात बाळाजीच्या कानावर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. बाळाजी पडलाही नाही. पण त्यानंतर त्याची मान अर्ध्या क्षणाने उशिरा हलायला लागली, आणि त्या अर्ध्या क्षणात एकेक ठोसा आत येऊन बसायला लागला. स्टुलावर बसल्यावर त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि बाटली दूर नेल्याबरोबर पुन्हा पाणी मागितलं. मग बुधाजीच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "काका, कार्ड मिळालं ना माझं?" जिममधला माणूस त्याच्या भुवईवर मलम दाबत होता, त्याला ह्यातलं काही कळलं नाही. बुधाजीला कळलं. चौथ्या फेरीचे ठोसे त्याने मोजले नाहीत, बघितलेही नाहीत. तो रिंगणाच्या दोराकडे बघत राहिला, कारण ठोसा बसला की दोर हलायचा आणि नाही बसला की हलायचा नाही. दोर हलतच राहिला.

बाळाजी परत आला तो दोर धरत धरत. घरातली वीज यावी-जावी तसं त्याचं भान येत-जात होतं, आणि आत्ता ते आलेलं होतं. त्याचा एक उघडा डोळा स्वच्छ होता. बुधाजी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि इतक्या दिवसांचं एका दमात बोलून गेला. "बाळा, ऐक. तो कौल बाटलेला व्हता. मी डावी पाडत व्हतो. वैनींनी सांगितलं म्हनून. उजवी मी दाबून लावली व्हती, पडूच नये अशी. कौल खरा न्हाय. बस झालं. मी टाकतो टॉवेल." त्याला वाटलं होतं, बाळाजी चिडेल, शिवी देईल, निदान त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मोडेल. बाळाजी रक्ताळलेल्या तोंडाने हसला. "म्हाईत हाय," तो म्हणाला. "सुचितानं कवाच सांगितलं. रडली, आनि सांगितलं. म्हनून तर आलो, येड्या. तुमी दोघांनी डावीकडं वढलं, तरी आईनं उजवी दिली. आता अजून काय पायजे?" बुधाजीच्या तोंडाशी आणखी एक खरं आलं होतं. तुझे सगळे उजवे कौल माझ्या बापाने हाताने पाडले, पुण्याचे, पतियाळाचे, सोन्याच्या पदकाचे, सगळे. ते सांगितलं असतं तर कदाचित बाळाजी उठला नसता. पण त्या एका उघड्या डोळ्याकडे बघत ते बोलायला जी जीभ लागते ती बुधाजीकडे नव्हती. घंटा झाली. बाळाजी उठला आणि मधोमध चालत गेला.

पाचव्या फेरीत रितेशलाही काहीतरी नको झालं होतं. तो एक ठोसा मारायचा, मागे सरकायचा आणि रेफ्रीकडे बघायचा, जणू म्हणत होता, थांबवा की हो कुणीतरी. रेफ्री बाळाजीकडे बघायचा, बाळाजी उभा होता म्हणून हात हलवून लढा म्हणायचा. लोक ओरडत होते. ज्यांनी रितेशवर लावले होते ते पाड म्हणत होते, आणि ज्यांनी बाळाजीवर लावले होते ते उभा राहा म्हणत होते, आणि तात्या त्या सगळ्यांच्या वर सभामंडप, सभामंडप असं काहीतरी म्हणत असावेत असं बुधाजीला वाटलं. सगळे जण दुसऱ्याच्या हातांनी आपलं काहीतरी ओढत होते. बाळाजीचे हात पोटापर्यंत खाली आले होते. आणि मग त्याने लढतीकडे लक्ष द्यायचं सोडून दिलं. तो मान वळवून आपल्याच उजव्या खांद्याकडे बघत उभा राहिला, लक्षपूर्वक, जणू तिथे काही चिकटलेलं होतं आणि ते पडायची तो वाट बघत होता. रितेशचा हात येताना दिसला. टॉवेल बुधाजीने टाकला की त्याच्या हातातून सुटला, हे पुढे कधी त्याला स्वतःशीसुद्धा ठरवता आलं नाही. तो दिव्यांच्या उजेडात गेला आणि दोघांच्या पायांमध्ये पडला. रेफ्रीने दोन्ही हात वर केले.

मग एका बाजूने आरोळी उठली आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्च्या मागे सरकल्या. रितेश धावत आला, त्याने बाळाजीला मिठी मारली, त्याच्या ग्लोव्हवर डोकं टेकलं. बाळाजीने त्याची पाठ थोपटली, मग खाली पडलेल्या टॉवेलकडे बघितलं, आणि चालत कोपऱ्यात आला. तो बुधाजीच्या कानाशी वाकला. आवाजात राग नव्हता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं तो म्हणाला, "देवीनं उजवी दिली व्हती, बुधा. डावी तू दिलीस." तात्यांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली, ती पिशवीत ठेवली, आणि गावची माणसं त्यांच्या मागोमाग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे गेली. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "गुरवच उलटला, तर देवी काय करंल?" बुधाजीला जीपमध्ये जागा आहे का, हे कुणी विचारलं नाही.

वधूपक्षाच्या खोलीत पंखा करकरत होता. बाळाजीला पलंगावर बसवून सुचिता त्याच्या डोळ्यावर बर्फाची पुरचुंडी धरून होती. जिममधला माणूस दवाखान्याच्या गाडीला फोन करायला बाहेर गेला. बुधाजी दारात उभा राहिला. आता वहिनी काहीतरी म्हणेल, असं त्याला वाटत होतं. सगळा गाव काही म्हणो, हिने तरी म्हणावं, भावजी, बरं केलंत. तेवढं एक वाक्य मिळालं असतं तर त्याच्यावर तो बाकीचं आयुष्य काढू शकला असता. सुचिताने बाळाजीच्या गालावर ओघळलेलं बर्फाचं पाणी पदराने टिपलं. "एकच फेरी उरली व्हती, भावजी," ती म्हणाली.

"वैनी, तुमीच मला..."

"मी मागितलं तवा देवीनं न्हाय दिलं. मग मीबी मागायचं सोडलं. म्हनलं, तिला दिसत असंल आपल्याला न्हाय दिसत ते." तिने पुरचुंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "दोन फेऱ्या तुमीबी बघितल्यात ना? तो व्हता ना तसाच, पयलेसारखा? आता ह्यो रोज मला इचारंल, सुचिता, सहावीत काय झालं असतं. रोज. मी काय सांगू त्याला?"

बुधाजीला सांगायचं होतं की डॉक्टर, की फोटो, की तो स्वतःच्या खांद्याकडे बघत उभा होता, की आणखी एक ठोसा. पण ते सगळं कळंबोलीच्या भाषेतलं होतं आणि ह्या खोलीत त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. शिवाय त्याला हेही ठाऊक होतं की टॉवेल टाकायचाच होता तर तो तिसऱ्या फेरीनंतर, बाळाजीने काका म्हटल्याबरोबर टाकायला हवा होता. तेव्हा तो टाकला नाही, कारण तेव्हा त्याची स्वतःची सुटका रिंगणात उभी होती. वेळेवर थांबवलं नाही आणि शेवटपर्यंत जाऊही दिलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं तर गुरवाच्या हातात जन्मापासून असतंच. बाहेर कामगार खुर्च्या एकात एक घालून रचत होते, त्यांचा खडखडाट येत होता.

तेवढ्यात बाळाजीने मान वर केली. त्याने आधी पंख्याकडे बघितलं, मग बुधाजीकडे, आणि त्याला बघून त्याचा चेहरा खुलला. काही वेळापूर्वी कानात बोललेला माणूस त्यात कुठेच नव्हता. त्याने सुचिताचा हात हळूच बाजूला केला, पलंगावर सरकून जागा केली आणि पाय जमिनीवर नीट रोवले. "कितवी रं झाली ही?" त्याने विचारलं.

बुधाजी सुचिताकडे बघायला लागला. सुचिता भिंतीकडे बघत होती.

"पाचवी," बुधाजी म्हणाला.

"म्हंजे एकच ऱ्हायली." बाळाजीने समाधानाने मान हलवली. "मी जरा बसतो. घंटा झाली की सांग."

"सांगतो," बुधाजी म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसून राहिला.